अभ्यासिकेत अचानक छाती धडधडते, वाटतं आता मरणार. मी वेडी होतेय का?

प्रश्न थोडक्यात असा. वय 22. मराठवाड्यातल्या एका गावातून एमपीएससीच्या तयारीसाठी पुण्यात आलेली मुलगी, सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहते. महिन्यापूर्वी अभ्यासिकेत बसलेली असताना एकाएकी छाती धडधडू लागली, श्वास पुरेना, घाम फुटला, बोटांना मुंग्या आल्या, समोरचं सगळं खोटं वाटायला लागलं आणि आपण आता मरणार अशी खात्रीच झाली. मैत्रिणींनी दवाखान्यात नेलं. ईसीजी नॉर्मल आला, 'टेन्शन घेऊ नको' असं सांगून परत पाठवलं. त्यानंतर असं आणखी तीनदा झालं. आता अभ्यासिकेचं नाव काढलं तरी पोटात गोळा येतो, म्हणून ती खोलीवरच अभ्यास करते. शिवाय काही कारण नसताना मधूनच रडू कोसळतं, रूममेटवर ओरडणं होतं आणि मग दिवसभर स्वतःचा राग येत राहतो. घरी सांगितलं तर परत बोलावतील आणि लग्नाचं बघायला लागतील, म्हणून सांगितलेलं नाही. शेवटी तिने विचारलंय, "मॅडम, मी वेडी होतेय का?"

नाही. तू वेडी होत नाहीयेस. (तुझ्या वयाच्या मुलामुलींशी बोलताना माझ्या तोंडी 'तू'च येतं, तेच इथेही ठेवते.) वेड लागेल, ताबा सुटेल असं वाटणं हे पॅनिक अटॅकच्या, म्हणजे एकाएकी येणाऱ्या तीव्र भीतीच्या झटक्याच्या, लक्षणांपैकीच एक आहे. निदानासाठी आम्ही जी यादी वापरतो तिच्यात अशी 13 लक्षणं आहेत. त्यातली 4 किंवा जास्त एकदम उसळली आणि काही मिनिटांत टोकाला पोचली, तर तो पॅनिक अटॅक. तू पत्रात सहा लिहिली आहेस. नुसत्या पत्रावरून निदान करणं बरोबर नाही, त्यासाठी कुणीतरी तुला समोर बसवून तपासायला हवं. पण तू जे वर्णन केलंयस ते माझ्या कामात इतक्या वेळा ऐकलंय की पुढचं सगळं ते धरूनच लिहिते.

आधी शरीराचं. ईसीजी झाला हे चांगलं झालं. त्याच्या जोडीला थायरॉईडची टीएसएच आणि हिमोग्लोबिन एवढ्या दोन तपासण्या करून घे. थायरॉईड जास्त काम करत असेल तर अशीच धडधड, घाम, थरथर होते. रक्त कमी असेल तर चार जिने चढूनही छाती उडते, आणि 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयातल्या निम्म्याहून जास्त बायकांमध्ये रक्तक्षय आढळला होता. मेसचा डबा अर्धा टाकून चहावर दिवस काढणाऱ्या मुलींबद्दल तर मला ही शंका आधी येते. दमा असेल तर तोही डॉक्टरांना सांग. हे सगळं नॉर्मल आलं तर मात्र पुन्हापुन्हा ईसीजी काढत बसू नकोस. प्रत्येक रिपोर्टने दोन दिवस बरं वाटतं आणि तिसऱ्या दिवशी 'त्यांच्याकडून काही राहिलं तर नसेल ना' असं मनात येतं.

'टेन्शन घेऊ नको' या वाक्याचा मला राग आहे. रिपोर्ट नॉर्मल म्हणजे मला काही झालंच नाही, मी नाटक करते, असा अर्थ पोरं त्यातून काढतात. तुझ्या हृदयाला काही झालेलं नाही, एवढंच तो रिपोर्ट सांगतो. जे झालं ते शरीरात खरोखर झालंय आणि ते कसं होतं हे कळलं की निम्मी भीती उतरते, म्हणून जरा सविस्तर सांगते.

धोका दिसला की मेंदूतला अमिग्डला नावाचा भाग विचार करायला थांबत नाही, थेट शरीराला कामाला लावतो. मूत्रपिंडांच्या वरच्या ग्रंथींमधून ॲड्रेनलिन रक्तात येतं. पळता यावं, झुंजता यावं म्हणून हृदय जोरात रक्त ढकलतं, अंग तापू नये म्हणून घाम सुटतो, श्वास वाढतो. पण तू तर खुर्चीत बसलेली आहेस. पळत नाहीयेस, तरी श्वास मात्र पळणाऱ्या माणसाचा चाललाय. त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा खाली जातो. तो उतरला की मेंदूकडच्या रक्तवाहिन्या थोड्या आकसतात, म्हणून गरगरतं आणि समोरचं खोटं वाटतं. रक्तातलं आम्लाचं प्रमाण बदलतं, म्हणून बोटांना, ओठांभोवती मुंग्या येतात, कधी कधी हाताची बोटं वाकडी होऊन आखडतात. गंमत अशी की श्वास पुरत नाही असं वाटत असतं तेव्हा तू खरं तर जास्तीचा श्वास घेत असतेस. आणि चक्कर आल्यासारखं वाटलं तरी पॅनिकमध्ये शुद्ध हरपणं फार विरळा, कारण अटॅकच्या वेळी रक्तदाब सहसा चढलेला असतो आणि बेशुद्ध पडायला तो खाली यावा लागतो.

हे मी माझ्या खोलीत करून दाखवते. मुलाला खुर्चीत ताठ बसवायचं आणि एक मिनिटभर तोंडाने भराभर, जोरजोरात श्वास घ्यायला लावायचा. मीही त्याच्याबरोबर घेते. अर्ध्या मिनिटात ओठ बधिर होतात, बोटं चुरचुरतात, डोळ्यांसमोर झिलई आल्यासारखं होतं. मूल थांबतं, हात उलटसुलट करून बघतं आणि म्हणतं, "मॅडम, हेच. हेच होतं मला." मग आम्ही दोघं गप्प बसून राहतो आणि दोन-तीन मिनिटांत मुंग्या जातात. कुणी औषध दिलेलं नसतं, कुणी पळालेलं नसतं. हा प्रयोग तू पहिल्यांदा एकटीने करू नकोस, आणि दमा, हृदयविकार, फिट्स किंवा गरोदरपण असेल तर मुळीच नको. पण एकदा तज्ज्ञासमोर बसून नक्की कर. शंभर वेळा समजावून जे पटत नाही ते त्या एका मिनिटात पटतं.

मग पहिल्यांदा झालं तेव्हा धोका कुठे होता? बहुतेक वेळा कारण अगदी क्षुल्लक निघतं: रात्री दोनपर्यंत जागरण, सकाळी उपाशीपोटी दोन चहा, कोंदट हॉल, आणि मनात मागे कुठेतरी 'यंदा नाही झालं तर' हे चालू. हृदय एकदा जोरात ठोकलं. एरवी कळलंही नसतं. त्या दिवशी तुझं लक्ष गेलं आणि मनाने त्याचा अर्थ लावला, 'हार्ट अटॅक'. त्या अर्थाने आणखी ॲड्रेनलिन सुटलं, धडधड वाढली, अर्थ पक्का झाला. डेव्हिड क्लार्क या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने 1986 साली हे चक्र मांडलं आणि पॅनिकवरची आजची बोलण्याची उपचारपद्धती बरीचशी त्यावरच उभी आहे. धडधड ही सुरुवात. तिचा आपण लावलेला अर्थ हा अटॅक मोठा करतो.

आता प्रत्यक्ष तेव्हा काय करायचं. बस. उठून धावू नकोस. 'मोठा श्वास घे, मोठा श्वास घे' असं मैत्रिणी सांगतील, ते ऐकू नकोस, मोठ्या श्वासाने आधीच बिघडलेलं आणखी बिघडतं. नाकाने साधा श्वास घे, मनात चार आकडे मोज, आणि सोडताना सहा किंवा आठ मोज. सोडणं लांबलं की व्हेगस नावाची नस हृदयाचा वेग खाली आणते. तोंडावर कागदी पिशवी धरायचा जुना उपाय करू नकोस, तो आता सांगत नाहीत. डोळे उघडे ठेव आणि समोरच्या वस्तूंची मनात नावं घे: पंखा, 'शांतता राखा'ची पाटी, भिंतीवरचा नकाशा, शेजारणीची निळी बाटली. स्वतःशी एकच वाक्य म्हण: "हे ॲड्रेनलिन आहे, चढलंय तसं उतरेल." अटॅक साधारण दहा मिनिटांत टोकाला पोचतो आणि अर्ध्या तासाच्या आत बहुतेक ओसरतो. थकवा मात्र नंतर तासन्‌तास राहतो, त्याने घाबरू नकोस.

फारच अनावर झालं तर गार पाण्याचा उपाय आहे. गार पाण्यात भिजवलेला रुमाल डोळे, गाल आणि नाकाच्या बाजूंवर दाबून धर, पुढे वाक, पंधरा-वीस सेकंद श्वास रोखून ठेव. चेहऱ्याला गार पाणी लागून श्वास थांबला की शरीर आपोआप हृदयाची गती कमी करतं. बुडी मारणाऱ्या सगळ्याच सस्तन प्राण्यांत ही क्रिया असते. भावना आवरण्याच्या कौशल्यांवर अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहन यांनी जी उपचारपद्धती उभी केली तिच्यात हे शिकवतात. हृदयाचा विकार किंवा मुद्दाम उपाशी राहण्याचा आजार (ॲनोरेक्सिया) असलेल्यांनी करू नये. रडण्याच्या, संतापाच्या उमाळ्यातही हे उपयोगी पडतं, म्हणून लक्षात ठेव.

फक्त एक सांभाळ. श्वास मोजताना दर दहा सेकंदांनी 'गेलं का? अजून का नाही गेलं?' असं स्वतःला विचारत राहिलीस तर तीही एक झटापटच होते. हे उपाय अटॅक हाकलण्यासाठी नाहीत. तो असेपर्यंत जागेवर बसून राहता यावं, एवढ्यासाठी आहेत.

आणि आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते. तुझ्या पत्रात मला सगळ्यात जास्त काळजी अटॅकची वाटली नाही. 'आता खोलीवरच अभ्यास करते' या वाक्याची वाटली. अभ्यासिका सोडलीस, लगेच हायसं वाटलं. मेंदू त्यातून काय शिकला? की ती जागा खरोखरच धोक्याची होती, आणि सुटलो ते पळालो म्हणून. पुढच्या वेळी तो दारातच घंटा वाजवेल. मग मेसमध्ये गर्दीत नको वाटतं, मग पीएमटीत नको, मग गावी जायची एसटी नको, मग मैत्रीण बरोबर असेल तरच बाहेर. पर्समध्ये पाण्याची बाटली, गोळीची स्ट्रिप, दाराजवळचीच जागा. मी अशी मुलं पाहिली आहेत ज्यांना शेवटचा अटॅक येऊन कितीतरी महिने झालेत, पण त्यांचं जग एका खोलीएवढं उरलंय. आजार तो आहे.

म्हणून परत जा, पण हिशेबाने. पहिल्या दिवशी गर्दी नसलेल्या वेळेला जा, दाराजवळ बस, अर्धा तास. अभ्यास झाला नाही तरी चालेल, वर्तमानपत्र घेऊन बस. धडधड होईल, ती व्हायलाच हवी, ती झाल्याशिवाय मेंदूला नवीन काही शिकता येणार नाही. भीती चढलेली असताना उठायचं नाही. ती आपली आपण थोडी उतरली की मग उठ. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, दिवस न मोडता. ते जरा सोपं झालं की आतली जागा, मग तुझी नेहमीची खुर्ची, मग दुपारची गर्दीची वेळ, मग बाटलीशिवाय, मग मैत्रिणीशिवाय. मध्ये एखादा अटॅक आला तर सगळं धुपलं असं समजू नकोस, दुसऱ्या दिवशी त्याच पायरीवर ये. भीती पूर्ण गेल्यावर जाईन असं ठरवलंस तर तो दिवस उजाडत नाही. घाबरतच जायचं असतं.

चहा, झोप आणि जेवण यांवर मी लांबण लावत नाही. कॅफिनने धडधड होते आणि अटॅकही सुटू शकतो, म्हणून दिवसाला दोन कपांवर ये आणि एनर्जी ड्रिंक बंद कर. उपाशी राहू नकोस. रविवारी संध्याकाळी मेस बंद असते त्या रात्रीची सोय आधीच करून ठेव, कारण उपाशी रविवार आणि रडवेला सोमवार ही जोडी मला नेहमी दिसते.

रडू आणि संताप यांचं थोडं वेगळं आहे. काही कारण नसताना होतं असं तू लिहितेस. कारण असतं, पण ते दोन-तीन तास आधी होऊन गेलेलं असतं. आठवडाभर एका छोट्या वहीत इतकंच लिही: किती वाजता झालं, त्याच्या आधी काय घडलं होतं, शरीरात कुठे जाणवलं, आणि भावना नेमकी कुठली. 'कसंतरी झालं' हे चालणार नाही. हेवा वाटला? अपमान वाटला? एकटं वाटलं? घरच्यांच्या पैशांची अपराधी बोच लागली? बरोबरच्या मुलीचं नाव यादीत लागलं आणि आपण हसून पेढा खाल्ला, त्यानंतर रूममेटने लाईट चालू ठेवला म्हणून आपण ओरडलो, हे कागदावर आलं की लख्ख दिसतं. भावनेला नेमकं नाव दिलं की अमिग्डलाची खळबळ उतरते, हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मॅथ्यू लीबरमन यांच्या गटाने 2007 साली मेंदूच्या स्कॅनवर दाखवलं आहे. वहीत पाळीच्या तारखाही टाक. उमाळे पाळीच्या आधीच्या आठवड्यातच येत असतील तर ते डॉक्टरांना मुद्दाम सांगायला हवं.

त्या वहीतच तुला स्वतःचं एक वाक्य पुन्हापुन्हा सापडेल, आणि माझा अंदाज आहे की ते असं असेल: 'यंदा झालंच पाहिजे, नाही झालं तर मी काहीच नाही.' अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती महाराष्ट्रात कि. मो. फडके यांनी रुजवली, तिचा सगळा रोख या 'च'वर आहे. यंदा व्हावं ही इच्छा तीव्र असू दे, ती अभ्यासाला बसवते. 'झालंच पाहिजे' हा हट्ट मात्र पुस्तक उघडायच्या आधीच घाम फोडतो. पण हेही मला स्पष्ट म्हणायचंय की सगळंच तुझ्या विचारांत नाही. जागा थोड्या, परीक्षा पुढे ढकलल्या जातात, निकाल रखडतात, वय वाढतं, बाप उसनवारी करून पैसे पाठवतो. हे खरं ओझं आहे आणि ते जड लागतंय यात तुझा कमकुवतपणा नाही. पुढच्या दोन वर्षांत काय करायचं, कुठे थांबायचं, दुसरा रस्ता कुठला, हे कुणा जाणत्या माणसाबरोबर बसून कागदावर मांड. थांबायची तारीख ठरली की बऱ्याच मुलांना झोप लागायला लागते.

घरी सांगण्याचं. लपवून फार दिवस निभत नाही, आणि तिसऱ्याच कुणाकडून कळलं तर परत बोलावण्याची शक्यता वाढते. आधी आईला किंवा मोठ्या भावा-बहिणीला सांग, जे ऐकून घेईल त्याला. फोनवर नुसतं 'मला बरं नाही' म्हणालीस तर घरात रडारड होईल. उपायासकट सांग. साधारण असं: "आई, मध्ये मला छातीत धडधडायचा त्रास झाला. ईसीजी काढला, हृदय चांगलं आहे. हा घाबरण्याचा आजार आहे, बरा होतो. मी डॉक्टरांकडे जातेय आणि अभ्यासही चालू आहे. तू फक्त आठ दिवस 'अभ्यास किती झाला' असं विचारू नको, नुसतं जेवलीस का विचार." आईने दृष्ट काढली, अंगारा पाठवला तर वाद घालू नकोस, तिची ती माया आहे. पण 'बाहेरचं आहे, देवऋष्याकडे नेऊ, औषधं बंद कर' असं कुणी म्हणालं तर तिथे ठाम राहा.

औषधं लागतात का? सगळ्यांना नाही. बोलण्याच्या उपचाराने, साधारण दहा-बारा बैठकांत, पुष्कळ जण बरे होतात. त्रास जास्त असेल तर मानसोपचारतज्ज्ञ एस्सिटॅलोप्रॅम किंवा सरट्रालिनसारखी गोळी देतात. तिचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, पहिल्या आठवड्यात अस्वस्थता थोडी वाढूही शकते, तेव्हा मनानेच बंद करायची नाही, डॉक्टरांना फोन करायचा. मनात स्वतःला इजा करण्याचे विचार यायला लागले तर तो फोन त्याच दिवशी. या गोळ्यांची चटक लागत नाही, पण सोडतानाही हळूहळू सोडायच्या असतात. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम यांचं मात्र वेगळं आहे. त्या पटकन आराम देतात आणि म्हणूनच त्यांची सवय लागते. रूममेटच्या स्ट्रिपमधली 'झोपेची अर्धी' घेणं हा प्रकार पेठांमध्ये चालतो हे मला माहीत आहे. तो करू नकोस.

एक प्रश्न सरळ विचारते, कारण तू तो पत्रात लिहिला नाहीस म्हणून तो नसेलच असं मी धरत नाही. जगून काय उपयोग, आपण नसलेलं बरं, असे विचार येतात का? स्वतःला इजा करावीशी वाटते का? येत असतील तर वही, पायऱ्या सगळं बाजूला ठेव आणि आजच कुणाला तरी सांग. केंद्र सरकारची टेली मानस ही सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास, मोफत चालते, मराठीत बोलता येतं. विचार जोर धरत असतील तर एकटी राहू नकोस, मैत्रिणीला बरोबर घेऊन कुठल्याही मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा. आणि तुझ्या रूममेटने असं काही बोलून दाखवलं तर तिलाही हेच सरळ विचार. विचारल्याने असे विचार डोक्यात शिरत नाहीत, उलट बोलायला वाट मिळते.

कुठे जायचं: पुण्यात ससून या सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत केसपेपर काढून दाखवता येतं, खासगीपेक्षा फार कमी खर्चात. गावाकडे असशील तेव्हा जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. 2017च्या मानसिक आरोग्य कायद्याने सरकारी सेवेत उपचार मिळणं हा तुझा हक्क आहे आणि तुझी माहिती गुप्त ठेवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. तू 22 वर्षांची आहेस, घरच्यांची परवानगी लागत नाही. पहिल्या भेटीला जाताना ईसीजी आणि रक्ताचे रिपोर्ट, चालू असलेल्या गोळ्यांची नावं (पाळीसाठीच्या, डोकेदुखीच्या, मैत्रिणीने दिलेल्यासुद्धा) आणि ती वही घेऊन जा. अटॅक कधी आला, किती मिनिटं राहिला, तेव्हा काय मनात आलं, हे आधी लिहून ने, कारण समोर बसल्यावर निम्मं आठवत नाही. ओपीडीत गर्दी असते, सकाळी लवकर जा, काहीतरी खाऊन जा. एकटीने जायला नको वाटत असेल तर पहिल्या दिवशी जी मैत्रीण दवाखान्यात घेऊन गेली होती तिलाच बरोबर ने.